उतारबाबांचं कंकण

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पोहोचायला एकोणसत्तर पायऱ्या होत्या आणि त्या रविवारी सकाळी प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी धापा टाकत उभं होतं. खाली लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी होती. पाटी इतकी सुबक रंगवलेली होती, की लिफ्ट बिघडायच्या आधीच ती तयार असावी. जिन्यात रिटायर झालेले हेडक्लार्क होते, पोस्टमन होता, आणि एरवी एकमेकांचं तोंडही न बघणारे दोन व्याही एकाच कठड्याला धरून उभे होते. सगळ्यांचं दुखणं एकच होतं, बीपी. आणि ते उतरवणारे महापुरुष वर तिसऱ्या मजल्यावर बसले होते, त्यांचं नाव उतारबाबा.

औषध नाही, पथ्य नाही, सुई नाही. बाबा माणसाच्या मनगटाला दिव्य कंकण बांधत, त्याचा हात वर करायला लावत, आणि अर्ध्या तासात बीपी साठ-सत्तर आकड्यांनी खाली येई. हे ऐकीव नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आकडा दिसत होता.

या रांगेत मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. पण कापडाला कात्री लावणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात आणि त्यांनाही ते आवडायचं. गळ्यात मापाची टेप तशीच होती, कारण ती काढायची त्यांना कधीच आठवण राहत नसे. बाबाबिबा त्यांना मान्य नव्हते. ते आले होते ते बायकोच्या हट्टाखातर. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, आणि वहिनी दर दहा पायऱ्यांनी थांबून, आपल्याला समोरच्या भिंतीचा रंग बघायचाय असं भासवत होत्या.

वहिनींचं बीपी साधं नव्हतं. तो दाब फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमध्ये होता. डॉक्टरीणबाईंनी तो दोघांना कागदावर चित्र काढून समजावला होता. हृदयाचा डावा भाग सगळ्या अंगाला रक्त पुरवतो आणि उजवा फक्त फुफ्फुसांना. वहिनींच्या फुफ्फुसांतल्या वाहिन्या अरुंद झाल्या होत्या, त्यामुळे उजव्या भागाला ढकलून ढकलून दम लागत होता. त्या वाहिन्या सैल करणारी गोळी दिवसातून तीनदा घ्यायची, आणि काही झालं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही.

गोळी चांगली होती. वहिनी पुन्हा दुकानात येऊन काजं-बटणं करू लागल्या होत्या. घोटाळा एवढाच की हीच गोळी, वेगळ्या ताकदीत आणि वेगळ्या खोक्यात, नवरेमंडळींच्या एका खाजगी अडचणीवरही देतात, आणि तिची प्रसिद्धी सगळी त्या दुसऱ्या कामामुळे. मास्तर ती मागायला गेले की केमिस्ट आवाज खाली आणत असे, खोकं वर्तमानपत्राच्या दोन कागदांत गुंडाळत असे आणि पुडी देताना मास्तरांच्या पांढऱ्या मिशीकडे आदराने बघत असे. महिन्याभरात गल्लीत बातमी पसरली. इस्त्रीवाल्याने तर मास्तरांचं अभिनंदन केलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तरांना हे सगळं मनातून फारसं वाईट वाटलं नव्हतं. पण वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळी घेताना त्या दार लावून घ्यायच्या. ही गोळी सुटावी, एवढंच त्यांना हवं होतं.

वरच्या पायरीवर पांढरा कोट घातलेला शिष्य उभा होता. जरीच्या कापडात गुंडाळलेलं कंकण त्याने मास्तरांच्या मनगटाला बांधलं. कंकणाला छोटी काच होती, आत आकडे होते, आणि ते हवा भरून घूं घूं करायचं.

"हात सैल सोडा," शिष्य म्हणाला. "अगदी लोंबू द्या. दाबाला वाट हवी."

मग मास्तर धापा टाकत असतानाच त्याने विचारायला सुरुवात केली. वय काय, भांडण कोणाशी, चूक कोणाची, भाऊ अजून बोलतो का? भावाचं नाव निघताच मास्तरांच्या कपाळाची शीर उडू लागली. आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर. शिष्याने तो माइकवरून सगळ्या जिन्याला ऐकवला आणि जिना हळहळला. वहिनींचा आकडा एकशे अडतीस आला, तेव्हा मात्र शिष्याचा चेहरा पडला. यात उतरवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

आत गार हॉल होता, जाड गालिचा होता. वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, डोळे मिटून बसायचं. मास्तरांना छान डुलकी लागली. मग एकेकाला पुढे बोलावणं आलं. बाबा अंगाने भरदार होते आणि त्यांचा उजवा हात आशीर्वादासाठी कायम वर असायचा. त्यांच्यासमोर एक उंच लाकडी घोडा होता. त्यावर भक्ताने हात ठेवायचा, म्हणजे मनगट डोक्याच्याही वर जाई.

"दाब कशाने वाढतो?" बाबा विचारत. "ओझ्याने. ओझं कुठे राहतं? खाली. हात वर गेला, की ओझं खालीच राहिलं."

त्या रविवारी बाबांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव शास्त्रशुद्ध वाक्य होतं. ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

मास्तरांचा आकडा आला एकशे आठ. हॉलने टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी काचेत दोनदा बघितलं. माणूस थापा मारतो हे त्यांना ठाऊक होतं. पण आकडा थापा मारतो असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी टेपवर विश्वास ठेवून पोट भरलं होतं. त्यांचा विरोध तिथेच मऊ पडला.

वहिनींचा आकडा आला अठ्ठ्याहत्तर. क्षणभर बाबाही दचकले. इतकं खाली आजवर कोणी गेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि जाहीर केलं, की या बाईंचा दाब शून्याच्या वाटेला लागला आहे, हीच मुक्ती. शेजारी काचेची मोठी बरणी होती. त्यात पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, अर्ध्या तोडलेल्या, नाना तऱ्हेच्या गोळ्या होत्या. वहिनींनी पर्स उघडली, मास्तरांकडे एकदा बघितलं आणि आपल्या सगळ्या गोळ्या बरणीत सोडल्या. मास्तर तिथेच उभे होते. त्यांनी अडवलं नाही. पुढे ती गोष्ट त्यांना फार लागली.

निघताना शिष्याने टेप बघून मास्तरांना बाबांच्या नव्या झग्याचं काम दिलं. झग्याला उजव्या बगलेखाली आतून एक खिसा हवा होता, तीन बोटं रुंद, अर्धी वीत खोल, वर काज-बटण. खिशात काय राहणार, हे शिंप्याला विचारावंच लागतं, तसं मास्तरांनी विचारलं. शिष्य म्हणाला, "त्यात बाबांची शांती असते."

शांतीचं माप एवढं नेमकं असतं हे मास्तरांना नवीन होतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा त्यांचा नियम होता.

स्वयंपाकघरापासून दुकानातल्या शिलाई मशीनपर्यंत चौदा पावलं होती. गुरुवारी मास्तरांच्या लक्षात आलं, की वहिनी सातव्या पावलाला इस्त्रीच्या टेबलाला धरून उभ्या राहतात आणि डब्यातली बटणं मोजल्यासारखं करतात. शुक्रवारी त्या त्याच डब्यातली तीच बटणं तिसऱ्यांदा मोजत होत्या. ओठ निळसर दिसत होते. मास्तरांनी खाली वाकून पाहिलं तर घोटे सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला. झग्याचं काज तसंच राहिलं होतं; सुई धरायलाही त्यांना दम लागत होता. मास्तरांनी कात्री ठेवली आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना ऑक्सिजन लावला, सूज उतरवायचं इंजेक्शन दिलं, आणि गोळ्या कुठे आहेत ते विचारलं. बरणीची हकिकत ऐकताना त्यांच्या हातातलं पेन हळूहळू टेबलावर टेकलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली.

"मनगटाचा आकडा अठ्ठ्याहत्तर येऊ दे नाहीतर आठशे," त्या म्हणाल्या. "हातावरच्या यंत्राला तुमच्या फुफ्फुसांतलं काही दिसत नाही. तुमच्या हाताचं बीपी कधीच वाढलेलं नव्हतं."

वहिनींनी मास्कच्या आतून मान हलवली. पण ती पटल्याची नव्हती. इथे आहे तोवर गोळी घेते, म्हणाल्या, मग बाबांना विचारून बघते. गोळीबरोबर ती लाजही परत येणार होती, आणि शून्याच्या वाटेला लागलेल्या बाईला कोण मागे वळा म्हणणार?

मास्तर बाहेर डॉक्टरीणबाईंच्या मागे मागे गेले. फुफ्फुसांचं समजलं, पण माझा आकडा कसा उतरला, एवढं सांगा, असं म्हणाले. डॉक्टरीणबाईंपुढे अजून बारा पेशंट होते. त्या चालता चालता एवढंच म्हणाल्या, "हात कुठे होता, मास्तर?"

मास्तर पॅसेजमध्येच उभे राहिले. त्यांना बँडवाल्यांचे कोट आठवले. धंद्याच्या पहिल्या वर्षी त्यांनी अकरा बँडवाल्यांची मापं घेतली होती, आणि ती तालमीच्या वेळी घेतली होती. कर्णे तोंडाला लावून, हात वर करून, कोपरं वाकवून उभ्या असलेल्या माणसांची मापं. कोट अंगात घालून हात खाली सोडल्यावर अकराच्या अकरा बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या, आणि त्या साली वरातीपुढे बँड कमी आणि बाह्यांनी रांगोळी पुसायला आलेली माणसं जास्त दिसली. तेव्हापासून मास्तर दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य म्हणत आले होते, हात खाली सोडा. आणि बाबांच्या दारात त्यांनी स्वतःचं माप एकदा हात लोंबवून आणि एकदा वर करून दिलं होतं, आणि दोन्ही मापं एकाच तऱ्हेने घेतलेली समजून टाळ्याही घेतल्या होत्या.

ते तडक केमिस्टकडे गेले. तसलं कंकण तिथे काउंटरवर ठेवलेलं होतं, जरी वगळून. खोक्यातल्या माहितीपत्रकात चित्र होतं: बसलेला माणूस, मनगट छातीशी, हृदयाच्या उंचीवर. मास्तरांनी यंत्र घरी आणलं आणि टेप लावून दोन तास बसले. मनगट हृदयाच्या एक वीत खाली गेलं की आकडा पंधरा-सोळाने वाढे, वर गेलं की तेवढाच कमी होई. दोन वीत खाली, दीड वीत वर. शिवाय पायऱ्यांची धाप आणि भावाचं नाव. हिशोब बसला. निघता निघता त्यांनी केमिस्टकडे दुसरीही एक वस्तू टेपने मोजली होती, पण ते माप आपल्यापाशीच ठेवलं.

रविवारी ते वहिनींना घेऊन फर्निचरच्या दुकानाशी गेले. जिना चढायचा नाही एवढ्या अटीवर डॉक्टरीणबाईंनी सोडलं होतं. मास्तरांनी 'बंद आहे' या पाटीखालचं बटण दाबलं. लिफ्ट निमूटपणे खाली आली. आत एक शिष्य स्टुलावर बसून पेपर वाचत होता. तो इतका गडबडला, की त्याने स्वतःच तिसऱ्या मजल्याचं बटण दाबून दिलं.

मास्तरांनी झगा दिला. बाबांना नवं कापड अंगावर घालायची घाई असावी. ते पडद्यामागे जाऊन घालूनच आले. वहिनींना मास्तरांनी पुढच्या खुर्चीवर बसवलं, आणि आपला नंबर आल्यावर घोड्यावर हात ठेवला. एकशे दहा. टाळ्या झाल्या. मास्तर उठले नाहीत. त्यांनी कंकण न सोडता हात खाली लोंबवला आणि पुन्हा बटण दाबलं. घूं घूं झालं. शिष्य सवयीने माइकवर बोलून गेला, "एकशे पासष्ट." मग त्याने माइक हाताने झाकला.

"तुमची श्रद्धा डळमळली," बाबा म्हणाले.

मास्तरांनी हात वर केला. एकशे नऊ. श्रद्धा परत आली होती. हात खाली केला. एकशे त्रेसष्ट. पुन्हा गेली. चौथ्या वेळेला सगळा हॉलच मोजू लागला. पोस्टमन पुढे येऊन म्हणाला, मला बघू द्या. त्याची श्रद्धा तर सदोतीस आकड्यांनी खालीवर झाली. हेडक्लार्कांनी नोंद घ्यायला कागद मागितला. दोन व्याह्यांनी कंकण आळीपाळीने बांधलं. एकाने हात वर धरला, दुसऱ्याने खाली, आणि कोणाचं रक्त जास्त शांत यावरून त्यांचं जुनं भांडण नव्याने सुरू झालं. मास्तरांनी मध्ये पडून दोघांचेही हात छातीशी टेकवले. दोघांचंही एकशे बावन्न आलं, आणि दोघंही एकाच वेळी गप्प झाले.

"हे कंकण केमिस्टकडे मिळतं," मास्तर म्हणाले. "मनगट खाली लोंबलं, की वरच्या रक्ताचा भार त्यावर पडतो. वर नेलं, की कमी पडतो. पाण्याची टाकी वरच्या मजल्यावर असली की खालच्या नळाला जोर येतो, तसंच. तुमचं बीपी होतं तिथेच आहे. फक्त हात फिरून आलाय."

मग त्यांनी कंकण वहिनींच्या मनगटाला बांधलं आणि त्यांचा हात स्वतःच्या हातात धरून छातीशी टेकवला. आकडा एकशे सहा आला. वहिनींनी काचेवर वाकून तो वाचला.

"म्हणजे ते अठ्ठ्याहत्तर खोटंच होतं? मी बरी झालेच नव्हते?" त्यांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "आणि मी शेजारी उभा होतो. टेप गळ्यात होती, तरी माप तपासलं नाही. चूक माझी आहे."

वहिनींनी हात काढून घेतला नाही. हॉलमध्ये एवढी शांतता बाबांच्या वीस मिनिटांतही कधी झाली नव्हती.

बाबांना ती सहन झाली नाही. या शिंप्याला काय समजणार, चाळीस वर्षं मी गोळीला शिवलेलो नाही, असं ते मोठ्याने म्हणाले. मास्तर म्हणाले, तसं असेल तर बाबांनी आम्हाला आशीर्वाद द्यावा. बाबांचा आशीर्वादाचा हात आज प्रथमच खाली होता. खाली म्हणजे बगलेशी घट्ट दाबलेला. पोस्टमन म्हणाला, बाबा, हात वर. हेडक्लार्क म्हणाले, बाबा, हात वर. व्याह्यांचं तर एकमत झालं. बाबांनी डावा हात वर करून बघितला, पण तो कोणी मान्य केला नाही. शेवटी सवय बलवत्तर ठरली आणि उजवा हात थोडासा उचलला गेला.

झग्यातून एक गोळ्यांची पट्टी घरंगळली आणि गालिच्यावर पडली. तीन बोटं रुंद, अर्धी वीत लांब. दहातल्या सहा गोळ्या संपलेल्या. हेडक्लार्कांनी चष्मा सावरून नाव वाचलं. ते स्वतः अकरा वर्षं तीच बीपीची गोळी घेत होते, गेल्या रविवारी बरणीत टाकेपर्यंत.

"खिशाला बटण आहे," मास्तर म्हणाले, "पण काज नाही. काजं आमच्याकडे ही करते. ती गोळ्या सोडून आजारी पडली, म्हणून ते राहिलं."

बाबा जिन्याने गेले नाहीत. बंद असलेल्या लिफ्टने गेले.

लोक बरणीकडे धावले, तेव्हा मास्तर आडवे उभे राहिले. त्या कालवलेल्या ढिगातली गुलाबी गोळी कोणाची आणि पिवळी कोणाची, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. आपापल्या डॉक्टरकडे जा, त्यांनी सांगितलं, आणि कधीपासून गोळी सोडली ते न लाजता सांगा. बीपी मोजायचं असेल तर पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेका, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा, आणि मग जो आकडा येईल तो आपला म्हणा. आकडा चांगला आला तर तो बहुतेक गोळीमुळेच आलेला असतो, म्हणून गोळी सोडायची नसते. आणि कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायच्या आधी एकच विचारा, माप कसं घेतलं? एवढं विचारायला शिकलेलं असावं लागत नाही. शिंपीसुद्धा विचारू शकतो. मी आठवडाभर उशिरा विचारलं, तुम्ही वेळेवर विचारा.

महिन्याभराने वहिनी स्वतः केमिस्टकडे गेल्या. काउंटरवर सात-आठ माणसं होती. केमिस्टने नेहमीप्रमाणे आवाज खाली आणला आणि वर्तमानपत्राकडे हात नेला.

"कागद नको," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "गोळी माझी आहे. फुफ्फुसांसाठी आहे. हे मिशीवाले नुसते आणून देत होते."

इस्त्रीवाला तिथेच होता. त्याने मास्तरांचं केलेलं अभिनंदन मनातल्या मनात परत घेतलं. मास्तरांना त्याचं किंचित वाईट वाटलं.

घरी आल्यावर वहिनी पाण्याचा घोट घेऊन, दार उघडं ठेवून, सगळ्यांसमोर गोळी गिळून स्वयंपाकघरातून दुकानाकडे निघाल्या. मास्तर कापडावर खडूची रेघ मारत होते, पण मनात पावलं मोजत होते. पाच, सहा, सात. इस्त्रीच्या टेबलाला हात लागला नाही. चौदाव्या पावलाला वहिनी मशीनवर बसल्या आणि काजं करायला कालचा शर्ट मागितला.